हळदी बंगल्याची हिरवळ

१

लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं व्हायची होती, आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. उदगीरला नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही अर्धा तास, फुसफुसत. अशा उन्हाळ्यात पंचशीलाला हळदी बंगल्यावर शिपाई म्हणून नेमलं गेलं.

बंगल्याचा हळदीशी काही संबंध नव्हता. निजामाच्या नोकरीतल्या हॅलिडे नावाच्या कुणा इंग्रज इंजिनिअरानं तो बांधला होता, ऐंशीपंचाऐंशी वर्षांमागं, मोठ्या दुष्काळात. दुष्काळी कामावरची माणसं, मजुरी म्हणून ओंजळभर ज्वारी. हॅलिडेचं हळदी झालं ते गावानं केलं. उतरतं कौलारू छप्पर, खिडक्यांना लाल-निळ्या काचा, व्हरांड्याला लाकडी कातरकामाची झालर, आणि उदगीरच्या उन्हात कुणालाही लागणार नाही अशी शेकोटीची चिमणी. नव्या जिल्ह्याला दाखवायला काहीतरी हवं होतं. जिल्ह्याच्या ऑफिसातून माणसं आली, मापं घेऊन गेली, आणि फाटकावर पाटी लागली: ‘संरक्षित वास्तू’. मेच्या शेवटी मोठ्या पाहुण्यांच्या हातून उद्घाटन व्हायचं होतं.

पंचशीला बत्तीस वर्षांची. दहावी झालेली, नवऱ्यानं टाकलेली, सहा वर्षं वेगवेगळ्या ऑफिसांत रोजंदारीवर घागरी भरून नि टेबलं पुसून दमलेली. ह्या नोकरीबरोबर आवारातली पत्र्याची एक खोली मिळाली होती. तिची आई धुरपताबाई रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. त्या खोलीचं दार पहिल्यांदा लावून घेतलं तेव्हा धुरपताबाईनं कडी तीनदा काढून घालून पाहिली होती.

काम सोपं होतं. सकाळी बावीस खिडक्या उघडायच्या, झाडायचं, पुसायचं, सहाला बंद करायच्या. दुपारी जेवायला पंचशीला वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात बसायची. पांढऱ्या फरशीची ती लांबट खोली, कोपऱ्यात जस्ताचा मोठा कोरडा टब. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना त्या फरशीवर मात्र विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं गार वाटायचं.

२

न्हाणीघराला मागच्या बाजूनं आणखी एक दार होतं. त्या दाराशी बाहेरून एक गोल लोखंडी जिना येऊन टेकायचा. साहेबाच्या आंघोळीचं पाणी घरातून न नेता मागच्या मागं वर चढवायची ती वाट. दाराला आतून अडसर होता.

पहिल्या आठवड्यातच पंचशीलानं जिन्यावर पावलं ऐकली. दुपारचे तीन वाजले असतील. कुणीतरी वर चढलं, दारापाशी थांबलं, आणि बऱ्याच वेळानं उतरून गेलं. तिला वाटलं, पाशामियाँ असेल. पाशामियाँ हा फाटकावरचा म्हातारा राखणदार. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं खिडकीतून पाहिलं तर पाशामियाँ फाटकाशी लिंबाखाली झोपला होता, आणि मागं जिन्यावर पावलं वाजत होती. उन्हानं लोखंड फुगतं, असं ती स्वतःला म्हणाली. ते काही खोटं नव्हतं. पत्र्याची खोलीही दुपारी कडकड वाजायची.

पण त्या आवाजात काहीतरी चुकत होतं आणि काय ते तिला आठ दिवस उमगलं नाही. उमगलं ते तिनं पाशामियाँला सांगितलं.

“चाचा, तुम्ही मागच्या जिन्यावर जाता का कधी?”

“नै बेटी. मेरे घुटने कहाँ चढते अब?” मग तो हसला. “मेरे दादा चढते थे. भिश्ती थे ना हम लोग. चमडे की मशक भर के पानी ऊपर डालते थे साहब के वास्ते. अब्बा बोलते, जाते वखत लोहा रोता, आते वखत हसता.”

“म्हंजे जाताना जड, येताना हलकं.”

“हौ. खाली मशक का क्या वजन?”

पंचशीला म्हणाली, “आता उलटं हाय. जाताना हलकं जातंय. येताना जड.”

पाशामियाँनं तिच्याकडं पाहिलं. त्या दुपारी तो गुडघे धरत धरत बंगल्याच्या मागं आला आणि भिंतीच्या सावलीत उभा राहिला. पंचशीला वर जेवायला बसली. तीन वाजता पावलं चढली, अनवाणी, सहज. थांबली. पंचशीलाचा घास तोंडातच राहिला. जीभ टाळूला चिकटली होती. मग एकेक पायरी दाबत, लोखंड कण्हत, पावलं उतरली.

ती धावत खाली आली तेव्हा पाशामियाँ फाटकाकडं निघाला होता.

“काय दिसलं, चाचा?”

“कुछ नै दिखा.” त्यानं मागं वळून पाहिलं नाही. “ऊपर मत बैठ, बेटी. पानी ऊपर लेके जाते. ऊपर से नीचे क्या लाते कोई?”

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही.

त्या दिवशी आरशात पाहताना पंचशीलाला आपले ओठ दिसले. तडकून पांढरे पडले होते, आणि ती रोज दोन तांबे पाणी पीत होती. उन्हाळा आहे, ती म्हणाली. पण जेवायला ती खाली व्हरांड्यात बसू लागली, आणि चार दिवसांत ओठ भरून आले.

३

बंगल्यापुढं हिरवळ लावली होती. शेषेराव नावाचे इंजिनिअर साहेब ह्या कामावर होते. त्यांनी हैदराबादहून गवताचे गालिचे मागवले होते. दिवसाआड टँकर यायचा. फाटकाबाहेर घागरी घेऊन बायका उभ्या राहायच्या आणि गवतावर पाणी पडताना बघायच्या. पंचशीला त्यांच्याकडं पाठ करून उभी राहायची, कारण त्यांतल्या अर्ध्या तिच्या ओळखीच्या होत्या.

एप्रिलच्या अखेरीस टँकर बंद झाला. खेडी तहानली होती, गाड्या तिकडं वळवल्या. ते बरोबरच झालं, असं पंचशीलाला वाटलं. पण आठवड्यात गवत तांबूस पडलं. शेषेराव साहेब आले, चपलेच्या टोकानं त्यांनी गवत उचकून पाहिलं आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. माणूस वाईट नव्हता. त्यालाही वरून बोलणी बसत होती.

“पंचशीलाबाई, एक सांगतो. उद्घाटनाला ही हिरवळ टिकली पाहिजे. टिकली तर तुमच्या कायम नेमणुकीचं मी मोठ्या साहेबांपाशी बोललोय. सहीच बाकी आहे.”

“साहेब, पाणी कुठून आणू?”

“ते मला तरी कुठं ठाऊक आहे?”

धुरपताबाई खोलीच्या दारात ज्वारी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला.

पंचशीला भांडी विसळलेलं पाणी गवतावर टाकू लागली. एका कोपऱ्यात बैठकीच्या चटईएवढा तुकडा ओला व्हायचा आणि चहा होईपर्यंत वाळायचा. त्याच आठवड्यात धुरपताबाईला खडीवर चक्कर आली. मुकादमानं घरी पाठवलं. पत्र्याखाली दुपार काढणं शक्य नव्हतं.

“बंगल्यात बस, माय. खाली दिवाणखान्यात,” पंचशीला म्हणाली. “वर जाऊ नको.”

“का गं?”

काय सांगणार? “वरचं बघायला साहेब येऊन राहिलेत,” ती म्हणाली.

४

तीनच दिवसांनी सकाळी खिडक्या उघडताना पंचशीलाला गवतात पोपटी छटा दिसली. ती खाली जाऊन वाकली. माती ओली होती. हाताला लागली.

तिला पहिल्यांदा आनंदच झाला, हे खरं आहे. नळ फुटला असेल, जुनी एखादी वाट मोकळी झाली असेल. तिनं आवारभर फिरून पाहिलं. नळाला थेंब नव्हता. आडात दगड टाकला तर दगडावर दगड वाजला. पाणी फक्त गवताखाली होतं, आणि बंगल्यामागच्या जिन्याच्या पायथ्यापासून हिरवळीपर्यंत जमिनीवर एक ओलसर पट्टा गेला होता, कुणी गळकं भांडं नेल्यासारखा.

दुपारी ती आईला पाहायला दिवाणखान्यात गेली. दिवाणखाना रिकामा होता.

धुरपताबाई वर होती. न्हाणीघरात, टबाशेजारी, लुगड्याचा बोंगा उशाला घेऊन फरशीवर आडवी. डोळे उघडे होते.

“माय! तुला सांगितलं होतं ना!”

“लई गार हाय गं इथं. हाडं निवतात.”

“ऊठ.”

धुरपताबाई उठली. जिना उतरताना पंचशीलानं तिला धरलं तेव्हा तिचा हात कागदासारखा लागला; डाव्या दंडावरची लहानपणी गोंदलेली अर्धवट वेल आक्रसली होती. खाली आल्यावर तिनं तांब्या पुढं केला.

“नगं,” धुरपताबाई म्हणाली. “तहान न्हाई.”

जन्मभर पाण्यासाठी लोकांच्या विहिरीपासून लांब उभी राहिलेली, कुणी ओतलं तर ओंजळ धरलेली ती बाई. दुष्काळाच्या दुपारी तांब्या परतवत होती.

तिनं आईला बजावलं, रागावली, शपथ घातली. धुरपताबाई हाव हाव म्हणाली. पण पंचशीलाला कधी ऑफिसात जावं लागे, कधी रेशनच्या रांगेत, आणि परत येऊन पाहावं तर दिवाणखाना रिकामा. रोज गवत दाट होत गेलं. फाटकाबाहेरून जाणारी माणसं थांबून बघायची. कुणीतरी दगड मारला, एक निळी काच फुटली. शेषेराव साहेब आले आणि गवताकडं पाहून लहान मुलासारखे हसले.

“कमाल केलीत बाई! कुठून आणलंत पाणी? नको, सांगू नका. मला ठाऊकच नको.”

५

नवव्या दिवशी धुरपताबाईची जीभ वळेना. पंचशीलानं तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती तरी मायाळू होती. तिनं धुरपताबाईच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी राहिली.

सलाईनच्या चार बाटल्या गेल्या. संध्याकाळी डॉक्टरीण पुन्हा आली, पाचवी लावली आणि कपाळाला आठ्या घालून बाटलीकडं पाहत राहिली.

“लघवीला झाली का ह्यांना?”

“न्हाई.”

“घाम?”

“न्हाई, म्याडम.”

“मग एवढं पाणी जातंय कुठं?” तिनं हे पंचशीलाला विचारलं नव्हतं. ती स्वतःशीच बोलत होती.

दुसऱ्या सकाळी खाटा कमी पडल्या, ऊन लागलेली माणसं व्हरांड्यात झोपवली होती. धुरपताबाई उठून बसली, म्हणाली घरी चल, आणि स्वतःच्या पायांनी चालू लागली.

पंचशीला तशीच शेषेराव साहेबांकडं गेली. “साहेब, तो मागचा जिना काढून टाका.”

“कुठला जिना?”

“लोखंडी. न्हाणीघराचा. मोडकळीला आलाय. कुणी पडंल.”

“अहो बाई, संरक्षित वास्तू आहे ती. एक खिळा हलवायचा तर मला मुंबईहून परवानगी आणावी लागते. आणि तो जिनाच तर बघण्यासारखा आहे. तसला सगळ्या मराठवाड्यात नाही.”

“मग माझी बदली करा.”

साहेबांनी चष्मा काढला. “आता? उद्घाटन दहा दिवसांवर, नेमणुकीचा कागद टेबलावर, आणि आता बदली? आईच्या आजारानं तुमचं डोकं थाऱ्यावर नाही. घरी जा.”

ती घरी आली. तिनं न्हाणीघराच्या आतल्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पोलक्यात ठेवली.

६

कुलूप पाच दिवस राहिलं. पाचही दिवस पंचशीलानं आईला खोलीत आपल्यासमोर बसवून ठेवलं, ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसले, भाताची पेज भरवली. धुरपताबाईच्या डोळ्यांत थोडं तेज आलं. गवताची टोकं पिवळी झाली.

सहाव्या दिवशी दुपारी फाटकाशी ऑफिसचा माणूस खुर्च्या घेऊन आला. पंचशीला खुर्च्या उतरवून घ्यायला गेली. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. परत येताना तिनं जिन्यावरची पावलं ऐकली. वर चढणारी, अनवाणी, हलकी. आणि ह्या खेपेला तिनं ती ओळखली. डावा पाय थोडा घासत पडत होता. धुरपताबाईचा पडायचा तसा.

ती बंगल्यातल्या आतल्या जिन्यानं वर धावली. किल्ली कुलपात शिरेना. शिरली. दार उघडलं तेव्हा धुरपताबाई फरशीवर होती, आणि मागच्या दाराचा अडसर काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. दार सताड उघडं. बाहेर पांढरं ऊन.

“माय, कशाला आली तू वर? अडसर कुणी काढला?”

“गार हाय गं.”

“खरं सांग मला. माझी आण हाय.”

धुरपताबाईनं जीभ फिरवून ओठ सुटे केले. “तुझी ती आर्डर आली का?”

“न्हाई अजून.”

“येईल.” ती थोडी हसली. “गवत लई चांगलं धरलं होतं. पाच दिवसांत वाळलं बघ.”

पंचशीलानं आईच्या काखेत हात घातले. धुरपताबाई उचलायला लहान पोरीएवढीही नव्हती. आणि त्याच वेळी तिला कळलं की बाहेर, दाराच्या अगदी पलीकडं, कुणीतरी उतरायला सुरुवात केली आहे.

लोखंड कण्हलं. एक पायरी. दुसरी.

बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि तिनं बघितलं. जिन्याच्या वळणावर, दोन वेढे खाली, वाकलेली पाठ दिसली. डोकं पुढं पडलेलं, दिसत नव्हतं. पाठीवर कातड्याची मशक, तुडुंब भरलेली, प्रत्येक पायरीला हळूच डचमळणारी. तिच्यातून थेंब गळत होते. कातडं ओलं होतं, आणि त्या ओल्या कातड्यावर हिरव्या ठिपक्यांची एक वेल गोंदलेली होती. सात वर्षांच्या मुलीला गोंदतात तशी, वाकडीतिकडी, शेवटचं पान राहून गेलेली.

वळण आलं. पाठ दिसेनाशी झाली.

पंचशीला वळली. आईचा डावा दंड लुगड्याच्या पदराबाहेर आला होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. मान दुसरीकडं करून, चाचपडत, तिनं पदर ओढला आणि दंड झाकून टाकला.

७

धुरपताबाई दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. पहिल्यांदा वर गेल्यापासून मोजलं तर पुरे तीन आठवडेही झाले नव्हते. कागदावर उष्माघात लागला. त्या महिन्यात तालुक्यात तो पुष्कळांच्या कागदावर लागला होता. खांदा देणारे म्हणाले, तिरडीला वजनच नव्हतं.

चार दिवसांनी उद्घाटन झालं. हिरवळ पायाखाली दबून वर येत होती, इतकी दाट. पाहुण्यांनी बूट काढले आणि मोज्यांवरच दोन पावलं चालून पाहिलं. सगळे हसले. “ह्या दुष्काळात हे कुणी राखलं? माळी कोण आहे?” त्यांनी विचारलं. शेषेराव साहेबांनी पंचशीलाला हाताला धरून पुढं आणलं. तिच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि नारळावर एक लिफाफा. लिफाफ्यात कायम नेमणुकीचा आदेश होता. टाळ्या वाजल्या. फाटकाबाहेर घागरी घेतलेल्या बायका उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा दिला. शेषेराव साहेबांना तो वेडेपणा वाटला, आणि तसं त्यांनी बोलून दाखवलं. निघताना ती एवढंच म्हणाली, “साहेब, ते न्हाणीघर बंद ठेवा. कुणाला आत बसू देऊ नका.” त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

बिलोलीला पारूबाई म्हणून तिची मावशी होती. पंचशीला तिथं गेली आणि पाझर तलावाच्या कामावर खडी फोडू लागली. जूनमध्ये पाऊस आला नाही. जुलैत आला तोही भुरभुर. तिच्या जागी मन्मथ नावाचा माणूस नेमला गेल्याचं तिला उदगीरहून आलेल्या एका बाईनं सांगितलं. त्याची बायको वारली होती. पत्र्याच्या खोलीत तो आणि त्याचा म्हातारा बाप केरबा, दोघंच राहायचे.

मन्मथला लिहिताना पंचशीलानं पोस्टाची तीन कार्डं फाडली. काय लिहायचं तेच कळेना. खरं लिहावं तर वेडी म्हणून फेकून देतील. शेवटी तिनं लिहिलं: वरच्या न्हाणीघरात हवा वाईट आहे, माझी आई तिथं बसून आजारी पडून वारली, वडिलांना तिकडं जाऊ देऊ नका, हात जोडून सांगते.

उत्तर आलं ते तलावावरून परतल्यावर पारूबाईनं तिच्या हातात दिलं. तळहाताचे फोड सांभाळत तिनं कार्ड उलटं केलं. अक्षर सुवाच्य होतं.

‘ताईस मन्मथचा नमस्कार. तुमचं कार्ड पोचलं. काळजी नसावी. आम्ही आलो तेव्हा हिरवळ वाळत चालली होती, साहेब फार रागावले होते, मला काढतील अशी भीती होती. पण आता देवाच्या कृपेनं पुन्हा चांगली धरली आहे. वडिलांना उन्हाचा त्रास होत होता. दुपारी ते वर फरशीवर पडतात, त्यांना तिथं फार बरं वाटतं. कसली तक्रार नाही. पाणीसुद्धा मागत नाहीत.’

पंचशीला उंबऱ्यावर बसली. कार्डावर उदगीरचा शिक्का होता. चुलीच्या उजेडाशी धरून तिनं तारीख वाचली. कार्ड कुठं अडकून पडलं होतं कोण जाणे. तारखेला महिना उलटला होता.

“कुणाचं हाय गं?” पारूबाईनं आतून विचारलं.

पंचशीलानं सांगितलं नाही. उदगीरची गाडी सकाळी किती वाजता सुटते, एवढंच तिनं विचारलं.